शामरावांच्या तीन शिकाऊ फेऱ्या

दुपारचं जेवण झालं की शामराव खोब्रागडे खाटेवर आडवे होतात, आणि दोनच्या सुमाराला त्यांची खाट थरथरते. निदान त्यांना तसं वाटतं. रायपुरातल्या त्यांच्या घरामागून पूर्वी रायपूर-धमतरीची अरुंद रुळांची छोटी लाइन जायची. गाडी एवढी सावकाश की पोरं उतरून बोरं वेचायची आणि मागच्या डब्यात चढायची. आता तिथे रुंद रस्ता झालाय. त्यावरून मोटारी इतक्या गुळगुळीत जातात की मांडणीतली कपबशीही वाजत नाही. तरी दोनला खाटेचा उजवा पाय हलतो.

"खाटेचा पाय आखूड हाये, बाकी काई नाही," त्यांच्या पत्नी शेवंताबाई म्हणतात.

शामराव त्या गाडीचे गार्ड होते, तीसेक वर्षं. हल्ली गार्डाला ट्रेन मॅनेजर म्हणतात, हे त्यांना पटत नाही. "मॅनेजर दुकानात असते," ते म्हणतात. आधी ते निवृत्त झाले, मग काही वर्षांनी गाडीही झाली. निवृत्तीच्या वेळी त्यांनी एक कॉम्प्युटर घेतला होता. रोज दोनला उठून त्यावर ते छोट्या लाइनीची हकीकत लिहीत. रायपूरपासून सुरुवात केली होती आणि प्रत्येक स्टेशनवर थांबत, एका बोटाने, पण न थकता, गाडी अभनपूरपर्यंत आणली होती. एकतीस पानं झाली होती. तिथून एक फाटा राजिमला जायचा, दुसरा धमतरीला. शामरावांना धमतरी गाठायची होती.

आणि घाई होती. मागच्या हिवाळ्यात त्यांना एक लहानसा झटका येऊन गेला. हातपाय शाबूत राहिले, पण नावं निसटायला लागली. एखाद्या फाटकाचं, एखाद्या रूळ बदलणाऱ्या पॉइंट्समनचं नाव सकाळी जायचं आणि दुपारी परत यायचं. एक दिवस ते परतायचं नाही, हे त्यांना ठाऊक होतं. जे लिहून होईल तेच राहील.

नेमकं तेव्हाच कॉम्प्युटरने पडद्यावर सांगायला सुरुवात केली की त्याच्या विंडोजला आता सुरक्षेचे नवे अपडेट मिळणार नाहीत, आणि नवी विंडोज या मशीनवर चालणार नाही. मुलगा लोकेश पुण्याला असतो. तो फोनवर म्हणाला, "बाबा, छोडो ना वो डब्बा. मैं टॅब भेजता हूँ. तुम्ही बोला, ते आपोआप टाइप होते. डॉक्टर भी बोले थे ना, नया कुछ सीखने का टेन्शन मत लो."

शामराव हं म्हणाले. बोलून लिहायची गोष्ट त्यांना नको होती, आणि कारण सांगण्यासारखं नव्हतं. आता लिहायचं होतं ते अभनपूरचं पान शेवंताबाईंबद्दल होतं, आणि कित्येक महिने गाडी तिथेच अडली होती. दोन खोल्यांच्या घरात ते मोठ्याने बोलायचं कसं?

मुलगी रुचिता बिरगावच्या एका शाळेत कॉम्प्युटर शिकवते. रविवारी ती स्कूटरवरून आली आणि टेबलावर तीन पेन ड्राइव्ह ठेवले.

"बाबा, टॅब-बिब कुछ नहीं. या मशीनमध्ये लिनक्स चालते. फुकट आहे आणि कुणा एकाच्या मालकीचं नाही. दुनियाभरचे लोक मिळून बनवतात. कुणीही आतून उघडून बघू शकते."

"म्हंजे श्रमदान," शामराव म्हणाले. पाऱ्यातला, म्हणजे वस्तीतला, विहार असाच उभा राहिला होता. त्याच्या विटा त्यांनीही उचलल्या होत्या.

"हव, श्रमदान. पण त्याचे प्रकार पुष्कळ आहेत. नवशिक्यांसाठी सोपे असे तीन आणलेत. पेन ड्राइव्हवरूनच चालू करायचे, जुनं जसंच्या तसं राहते. इसमें कुछ भी करो, काहीच राहत नाही. घाबरू नका."

शामराव उठून बसले. "म्हंजे शिकाऊ फेऱ्या!"

रुचिताला कळलं नाही. मग त्यांनी सांगितलं. रेल्वेत गार्डाला नव्या लाइनीवर एकदम गाडी देत नाहीत. आधी त्याने जुन्या गार्डाबरोबर तीन फेऱ्या करायच्या, त्यातली एक अंधारातली. कुठे चढ आहे, कुठला सिग्नल झाडाआड जातो, कोणत्या फाटकावर गुरं बसतात, सगळं पाहायचं. पण हात मागे बांधून. झेंडी धरायची नाही, शिट्टी मारायची नाही. तीन फेऱ्या झाल्या की कागदावर सही करायची, मला हा रस्ता कळला म्हणून. त्या सहीनंतर जबाबदारी आपली.

"तर तीन फेऱ्या झाल्याबिगर मी हो म्हननार नाही," ते म्हणाले.

"और एक अंधेरे में?" रुचिता हसली.

"नियम हाये, बेटा."

पहिला पेन ड्राइव्ह झोरिन नावाच्या प्रकाराचा होता. रुचिताची त्यावरच भिस्त होती, कारण तो हुबेहूब बाबांच्या जुन्या पडद्यासारखा दिसत होता. शामरावांनी दहा मिनिटं पाहिलं आणि मान हलवली. "बोर्डावर जुन्याच स्टेशनाचं नाव हाये, पन फलाट दुसऱ्या अंगाले. मानूस सवयीनं उतरते आन् खड्ड्यात जाते. नवं असन तं नवं दिसू दे, मंग मी डोळे उघडे ठेवतो."

दुसरा उबुंटूचा. दिसायला तो खरंच नवा होता, चिन्हांची रांग डाव्या हाताला उभी. शामरावांना आवडलाही. पण त्यांच्या मशीनची ताकद कमी पडत होती. एक खिडकी उघडायची म्हटलं की शेवंताबाईंचा चहा आधी यायचा. "घाट मोठा हाये, इंजिन लहान," ते म्हणाले आणि पेन ड्राइव्ह अगदी जपून, पाहुण्याला निरोप द्यावा तसा, परत दिला.

तिसरा होता लिनक्स मिंट, त्यातला हलका प्रकार.

"मिंट म्हंजे पुदिना ना?" शेवंताबाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं. "मंग चटनी तरी होईन."

तो चटकन चालू झाला. पडदा शांत होता. तळाशी एक पट्टी, कोपऱ्यात एक बटन, बाकी मोकळं रान. पहाटे अभनपूरच्या पुढे धुकं उतरायचं तसं काहीतरी त्या मोकळ्या पडद्यावर शामरावांना दिसलं. वर एकच वेगळं चिन्ह होतं, इन्स्टॉल असं लिहिलेलं.

"ते दाबायचं नाही," रुचिता म्हणाली. "ते दाबलं की पुरानं सगळं पुसून हे कायमचं बसते."

पहिल्या फेरीत शामरावांनी खरोखरच हात मागे बांधले. रुचिताने चालवलं, त्यांनी पाहिलं आणि वहीत लिहून घेतलं. लिहायचा कागद कुठे उघडतो, मराठी अक्षरं कशी येतात, बंद कुठून करायचं. रुचिता बिरगावला परतली.

सोमवारी दोनला खाट थरथरली. शामराव उठले, पेन ड्राइव्ह लावला, आणि दुसरी फेरी एकट्याने सुरू झाली. कागद उघडला. मराठी आली. आता नुसतं पाहायचं आणि बंद करायचं, एवढंच काम होतं. पण शेवंताबाई विहारात गेल्या होत्या, घरात कुणी नव्हतं, आणि समोरच्या पांढऱ्या कागदावर अभनपूरचा फलाट हळूहळू उजळायला लागला. लिंबाचं झाड. पाण्याचा लोखंडी नळ. डोक्यावर बारदानात गुंडाळलेलं काहीतरी जड घेऊन उभी असलेली एक पोरगी. बोट आपोआप चाललं. दोन तास गेले ते त्यांना कळलंही नाही. आठ महिने अडलेलं पान एका दमात उतरलं. त्यांनी ते नीट जपून ठेवलं, शिकवल्याप्रमाणे मशीन बंद केलं, आणि शेवंताबाई आल्या तेव्हा ते विनाकारण हसत होते.

मंगळवारी त्यांनी पुन्हा पेन ड्राइव्ह लावला. कागदांचा कप्पा उघडला. आत काहीच नव्हतं. झाडून काढलेल्या फलाटासारखा तो रिकामा होता. त्यांनी वहीतलं पान उलटून पाहिलं. तिथे त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं: यात काहीच राहत नाही. त्यांना वाटलं होतं, आपण केलेला बिघाड राहत नाही. केलेलं कामही राहत नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

त्यांनी मशीन बंद केलं आणि कुणाला काही सांगितलं नाही.

बुधवारी दोनला ते उठले नाहीत.

"आज गाडी लेट हाये का?" शेवंताबाईंनी विचारलं.

"रद्द."

गुरुवारीही उठले नाहीत. संध्याकाळी लोकेशचा फोन आला, तेव्हा शामराव म्हणाले, "पाठव तुया टॅब." फोन ठेवून ते भिंतीकडे तोंड करून पडले.

शेवंताबाई चहा घेऊन खाटेच्या कडेला बसल्या. "काय हरवलं?"

"काई नाही."

"काई नाही हरवलं तं दोन दिस अर्धी भाकर कोन ठेवते? पोट्टीले फोन लावू?"

"एक पान व्हतं. गेलं."

"कायचं पान?"

मागच्या रस्त्यावरून गाड्या जात राहिल्या. मग भिंतीकडेच तोंड ठेवून त्यांनी सांगायला सुरुवात केली. अभनपूरचं स्टेशन. ते तेव्हा नवे, शिकाऊ फेरीवर, हात मागे बांधलेले. बरोबर तुळशीराम नावाचे जुने गार्ड. गाडी धमतरीकडे सुटायला आली, आणि डोक्यावर शिलाई मशीन घेतलेली एक पोरगी डब्यात चढून बसली. काकासोबतचं तिचं बोलणं शामरावांनी फलाटावर ऐकलं होतं. तिला राजिमला जायचं होतं. ती चुकीच्या गाडीत बसली होती. तुळशीरामांनी शिट्टी तोंडाला लावली, आणि शामरावांनी त्यांच्या बगलेतली लाल झेंडी ओढून दाखवली. गाडी थांबून राहिली, तेवढ्यात काकाला चूक कळली आणि तो तिला उतरवायला धावला.

"शिकाऊ मानसानं," ते म्हणाले. "माई नोकरी जाऊ शकत व्हती. तुळशीराम असे ओरडले! मंग तुले उतरलेलं पाह्यलं, माया तोंडाकडे पाह्यलं, आन् वहीत लिवून टाकलं, इंजिनानं पानी घेतलं, एक मिनिट उशीर."

शेवंताबाईंच्या हातातला चहा निवला होता. त्रेचाळीस वर्षांत हे त्यांनी ऐकलं नव्हतं. नंतर सोयरिकीसाठी आलेला पोरगा रेल्वेतला आहे, एवढंच त्यांना माहीत होतं.

"एक मिनिट नाही," त्या शेवटी म्हणाल्या.

"आँ?"

"तीन मिनिटं. मशीन दारात अडकली व्हती. दोघा जनांनी मिळून काढली. फलाटावर लोक म्हनत इंजिन पानी घेते, आन् मी मनात म्हनलं, हे इंजिन किती पानी पिते बाप्पा!"

शामराव वळले. "तीन?"

"पुरे तीन. तुमी ते खोटंच लिवलं असन, म्हनून गेलं."

शामरावांना हसू फुटलं, आधी नाकातून, मग सगळीकडून. हसता हसता त्यांच्या एक ध्यानात आलं. तेव्हाही शिकाऊ फेरीत त्यांनी हात मागे ठेवले नव्हते आणि आताही ठेवले नव्हते. तेव्हा निभावलं. आता पान गेलं. पण पानातली माणसं घरातच होती, आणि त्यातल्या एकीला जास्त आठवत होतं.

"लोकेशले सांग," ते म्हणाले, "टॅब नको पाठवू. माई तिसरी फेरी राह्यली हाये."

शेवंताबाईंनी फोनवर सगळं सांगितलं होतं. रविवारी रुचिता आली ती रडवेली. "बाबा, मी साफ सांगायला पाहिजे होतं. मेरी गलती है."

"चूक शिकाऊची. मी काम करायले नको व्हतं. चल, खिडक्या लाव."

दुपारी दोनला दोन्ही खिडक्या लागल्या, फटींवर शेवंताबाईंची गोधडी आली. खोलीत काळोख झाला. शामराव खुर्चीत बसले. अंधारात गार्डाच्या शेवटच्या डब्यात, ब्रेक व्हॅनमध्ये, बसावं तसे बसून राहिले, पुढे कुठेतरी इंजिन आहे अशा विश्वासाने. मग पडदा उजळला. कागद उघडला. मराठी आली. आधी जुन्या विंडोजमधून काढून रुचिताने दुसऱ्या पेन ड्राइव्हवर ठेवलेली एकतीस पानं त्यांनी एकेक करून तपासली, डबे मोजावेत तशी. एकतीस होती. एक ओळ नवी लिहिली, ती त्याच पेन ड्राइव्हवर ठेवली, मशीन बंद केलं, पुन्हा चालू केलं. ओळ होती.

"बाबा, एकदाही अटके नहीं," रुचिता हळूच म्हणाली.

शामरावांनी वही मागितली. गोधडीची एक कड उचलून आलेल्या उजेडात त्यांनी लिहिलं: लिनक्स मिंट. तीन फेऱ्या केल्या, एक अंधारात. रस्ता कळला. खाली तारीख आणि लांबलचक सही. मग पडद्यावरच्या इन्स्टॉलच्या चिन्हावर माउसचा बाण नेला. रुचिताने हात पुढे केला होता, तो तिने मागे घेतला आणि दोन्ही हात पाठीमागे बांधले.

त्यांनी दाबलं. जुनं सगळं पुसलं जाईल, चालेल का, असं पडद्याने विचारलं. शामरावांनी खिशात ठेवलेला पानांचा पेन ड्राइव्ह चाचपला आणि होकार दिला. पुढे त्याने कॉम्प्युटरचं नाव विचारलं. त्यांनी एकेक इंग्रजी अक्षर शोधून लिहिलं: अभनपूर.

काम किती झालं ते दाखवणारी पट्टी हळूहळू भरू लागली. छोट्या गाडीच्याच वेगाने. शेवंताबाई स्टूल ओढून शेजारी येऊन बसल्या.

"झालं की लिवा," त्या म्हणाल्या. "मी सांगतो. आन् या खेपेले तीन मिनिटं लिवजा."

"वहीत एकच हाये."

"वही तुळशीरामाची. हे तुमचं."

काळोखात शामरावांना खाट थरथरल्यासारखी वाटली. त्यांनी शेवंताबाईंकडे पाहिलं. त्याही खाटेकडेच पाहत होत्या.