राईसाठी ठेवलेली वाट

"हात लावू नको! तो खेळतोय!"

शेठ खुर्चीवर चढून ओरडत होते. आवाज असा, की खाडीतल्या होड्या चार हात मागे सरकल्या असतील. भाईंदर पूर्वेच्या त्यांच्या भांड्यांच्या गाळ्यात स्टीलच्या ताटांची चळत खडखडत होती, ती मशीनने नव्हे, शेठच्या आवाजाने.

टेबलावर त्यांच्या भागीदारांचा कॉम्प्युटर. भागीदार जाऊन महिना झालेला, भिंतीवर फोटोला हार, आणि खाली स्क्रीनवर माउसचा बाण आपोआप फिरतोय. पत्त्यांचा डाव चाललेला. काळ्या दश्शीवर लाल नव्वी. जेवण झाल्यावर भागीदार खेळायचे तसाच, प्रत्येक पानाआधी जरा थांबून.

"दहाव्याला कावळा शिवला नव्हता रे," शेठ खाली न उतरताच म्हणाले. "त्याच्या राई गावच्या खाडीवर हात जोडून उभा होतो मी. वहिनींना बघीन म्हटलं, पाटीवर तुझं नाव ठेवीन म्हटलं. कावळा फांदीवरून ढिम्म हलेना. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. सांग ना, त्याचं काय राहिलंय?"

आता मी काय सांगणार? मीरा-भाईंदरमधले निम्मे राउटर मी लावलेले, उरलेले माझ्या नुसत्या चाहुलीने लागायचे. पण कावळा हा आपला विषय नव्हे. म्हटलं, आधी राउटर बघू.

राउटर म्हणजे सोसायटीचा वॉचमन. बाहेरच्या जगाला गेटचा एकच पत्ता ठाऊक; आत कोण कुठे बसतं ते त्यालाच माहीत. आगंतुकाला तो हाकलून देतो. पण 'अमक्या घरून कोणी आलं तर थेट तमक्याकडे सोड' असा नियम भरून ठेवला, की निमूट सोडतो. उघडून बघतो तर नियम माझाच! भागीदार आजारी असताना घरून काम करता यावं म्हणून मीच भरला होता: त्यांच्या राईच्या घरून आलेल्याला थेट या कॉम्प्युटरवर सोडायचं. पासवर्ड नवरा-बायकोलाच माहीत.

"शेठ, उतरा. भूत नाही, वहिनी आहेत. घरी बसून यांचा डाव खेळतायत."

शेठ उतरले. डोळे पुसले.

"नियम काढू?"

"हात तोडीन. खेळू दे त्यांना."

त्या दुपारपासून शेठ माणसात आले. डाव अडला की स्क्रीनला सांगायचे, "सत्ती तिकडे टाका, वहिनी!" मला मात्र एक गोष्ट टोचायची. डाव अडला की बाण कोपऱ्यात जाऊन गोल गोल फिरत राहायचा. भागीदार विचारात पडले की बोटावर स्कूटरची चावी अशीच फिरवायचे. हे मी शेठना बोललो नाही. माझ्यासारख्या बडबड्याने एवढी एकच गोष्ट पोटात ठेवली.

वर्षश्राद्धाला आम्ही दोघं राईला गेलो. वहिनी मागच्या अंगणात कावळ्यासाठी पान मांडत होत्या. शेठ खुशीत होते.

"वहिनी, आमच्याकडे येऊन खेळा की एकदा! रोज दुपारी इथूनच कॉम्प्युटरवर पत्ते खेळता, आम्हाला काय कळत नाही?"

वहिनींनी पानावर वडा ठेवला, पाणी फिरवलं.

"कंचा कॉम्प्युटर? तो त दहाव्याच्या आदीच भंगारवाल्याला दिला. नेटची लाइन पन तवाच कापली."