वाघ बघायला निघालो, ताईने शेवाळ दाखवलं

माझ्या थोरल्या बहिणीने, सुमनताईने, आयुष्यभर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं. जंगलाच्या वेशीवर एका रिसॉर्टमागे झरा आहे. तिथल्या खडकावरचं दुर्मिळ होत चाललेलं शेवाळ तिला बघायचं होतं. मला वाघ बघायचा होता. गाडी एकच, म्हणून दोघी सोबत निघालो.

सदरमधल्या आमच्या कॉलनीतून पहाटेच निघा. कन्हानचा पूल ओलांडला की जबलपूरचा रस्ता सुरेख आहे. मनसरला तर्री पोहे खा, पण एकच प्लेट. सफारीची जिप्सी फार उसळते. बुकिंग आधी करा, ओळखपत्र विसरू नका. ते आपल्यालाच लागतं. वाघाला सगळे नावाने ओळखतात.

दिसला. म्हणजे पाठमोरा, बांबूत शिरताना. त्याची आई, मावशी, भावकीतली भांडणं, गाईडला सगळं पाठ होतं. जिप्सीत शेजारी बसलेले काका चक्क डोळे पुसत होते. पुढे नाल्याकाठी ओला खडक दिसला, तेव्हा ताईने थांबायला सांगितलं, तर तेच काका वैतागले. ताईच्या मते वाघ आणि शेवाळ दोघंही सारखेच संकटात आहेत. फरक इतकाच, की वाघाला पहारेकरी आहेत आणि शेवाळावर लोक पाय पुसतात.

दुपारी रिसॉर्टमागे गेलो, तर रामदासभाऊ नावाचे कामगार तारेच्या ब्रशने झऱ्याकाठचा तोच खडक घासत होते. अर्धा उघडा पडला होता. ताई लगबगीने त्यांच्याजवळ गेली.

"काहून घासून राहिले, भाऊ?"

"साहेबानं सांगतलं. इथं वाघाचं चित्र काढाचं हाय."

साहेब म्हणजे रिसॉर्टचा मॅनेजर. तो अदबीने बोलला. वन्यजीव वाचवण्यासाठीच तर वाघ काढतोय, म्हणाला. शेवाळ लांबून दिसतं का, असंही त्याने विचारलं. वाकावं लागतं, ताई म्हणाली. पाहुणे वाकत नाहीत, असं सांगून तो गेला.

ताईने रामदासभाऊंच्या हातात भिंग दिलं. बराच वेळ ते वाकूनच राहिले.

"हे तं अख्खं जंगल हाय, बाई," ते हळूच म्हणाले, आणि ब्रश बादलीत टाकला.

घरी आल्यावर कॉलनीत ज्याने त्याने वाघाचं विचारलं. मी सांगत गेले, तसा तो मोठा होत गेला. ताईला कुणी काही विचारलं नाही. आठवड्याने रामदासभाऊंचा फोन आला. खडक ओला आहे, रंग टिकणार नाही, हे त्यांनी साहेबाला पटवलं होतं.

"वाघाले पार्किंगच्या भिंतीवर हलवलं, बाई."

वाघासाठी गावं उठल्याचं आपण ऐकत आलोय. शेवाळासाठी वाघ उठला, हे ताई दिवसभर फोन करकरून सगळ्यांना सांगत होती.