होडीवर लिहिलेलं नाव

माझी मैत्रीण मढची, कोळीवाड्यातली. मालाडच्या कॉलेजात आम्ही एका बाकावर बसायचो आणि दोघींना एकच वेड होतं. मुलींना असं वेड असतं हे तेव्हा कुणाला पटायचं नाही. आम्हाला कॉम्प्युटरवर गेम खेळायला आवडायचं. मारामारीचे नाही, गाड्यांचेही नाही. आमचा गेम एकच. त्यात आपल्याला समुद्रातलं एक ओसाड बेट मिळायचं. तिथे झाडं लावायची, घर बांधायचं, मासे धरायचे आणि होडी घेऊन शेजारच्या बेटावर कोण राहतंय ते बघायला जायचं. त्या शेजारच्या बेटावर खरंखुरं माणूस असायचं, जगात कुठेतरी आपल्यासारखंच स्क्रीनपुढे बसलेलं. आम्ही त्या गेमला नुसतं 'बेट' म्हणायचो. "आज बेटावर येणारेस का गं?" असं एकमेकींना विचारलं की बाकीच्या पोरी वेड्यासारख्या बघायच्या.

बोरिवलीला आमच्या घरी दादाच्या इंजिनीअरिंगसाठी कॉम्प्युटर आला होता. दादा क्लासला गेला की तो माझा. बाबांची गिरणी बंद पडलेली, ते दहिसरला एका कारखान्यात जायचे आणि आल्यावर फक्त बातम्या बघायचे. आई मात्र येता-जाता स्क्रीनकडे बघून म्हणायची, "तिकडे झाडं लावत बसतेस, आणि इथे तुळशीला पाणी घाल म्हटलं की तुझे पाय दुखतात."

तो गेम ज्या कंपनीने बनवला, ती अगदी लहान होती. कुठल्याशा थंड देशातली दहा-बारा माणसं. त्यांच्या वेबसाइटवर एक फोटो होता : एका लांब टेबलाभोवती सगळे स्वेटर घालून बसलेत आणि टेबलावर मांजर झोपलंय. खेळणाऱ्यांनी काही विचारलं की त्यातलंच कुणीतरी उत्तर द्यायचं, स्वतःच्या नावानिशी. कुणी म्हणालं, पाऊस पडताना कौलांचा आवाज येत नाही, की पुढच्या अपडेटमध्ये आवाज यायचा. आम्हाला ती माणसं ओळखीची वाटायची. चाळीत वरच्या मजल्यावर राहणारी असावीत तशी.

एकदा प्रॅक्टिकलच्या तासाला मैत्रीण म्हणाली, "बेटावरच्या होड्या बघितल्यास ना? सगळ्या बाथटबसारख्या आहेत. या लोकांनी होडी जवळून बघितलीच नाही."

"मग तू दाखव त्यांना."

मी सहज बोलले. तिने मनावर घेतलं. तिचा हात चित्रकलेत पक्का होता. तिने वडिलांच्या होडीचं चित्र काढलं : पुढून, बाजूने, वरून. डोलकाठी, शीड, वल्ही, नाळेवर म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर लाल अक्षरांत देवनागरीत लिहिलेलं तिच्या आजीचं नाव आणि नारळी पौर्णिमेला चढवतात तो झेंडूचा हार. झेरॉक्सवाल्याकडून आम्ही ते स्कॅन करून घेतलं, दोघींनी मिळून मोडक्या इंग्रजीत चार ओळी लिहिल्या आणि पाठवून दिलं. उत्तर येईल असं काही मनात नव्हतं.

उत्तर आलं. त्या फोटोतल्याच एका बाईचं. गेममधली चित्रं ती काढायची. तिने किती प्रश्न विचारले होते! वारा मागून आला तर शीड कुठे बांधता? किती माणसं बसतात? ती पिवळी फुलं कसली? आणि पुढे जी अक्षरं आहेत त्यांचा अर्थ काय?

मैत्रिणीने लिहिलं, "ते माझ्या आजीचं नाव आहे. माझ्या वडिलांची आई."

काही आठवड्यांनी अपडेट आलं. मी बोरिवलीहून आणि ती मढच्या सायबर कॅफेतून, दोघी एकाच वेळी बेटावर गेलो. धक्क्याला ती होडी उभी होती. हुबेहूब. नाळेवर लाल अक्षरांत आजीचं नाव, एक वेलांटीसुद्धा चुकलेली नाही. आणि गेममध्ये पौर्णिमा आली की त्या होडीवर आपोआप झेंडूचा हार चढायचा. ते आम्ही मागितलंही नव्हतं. त्या बाईने आपल्या मनाने केलं होतं. खाली कंपनीने लिहिलं होतं की ही होडी आमच्या एका मैत्रिणीने सगळ्यांना दिलेली भेट आहे, ती नेहमीच सगळ्यांची राहील.

पुढच्या रविवारी मी दादाचा नवा लॅपटॉप घेऊन मढला गेले. तिच्या घराकडे जाताना एका बंगल्यासमोर सिरियलचं शूटिंग चाललं होतं, जनरेटरची गाडी रस्ता अडवून उभी. तिचे वडील अंगणात बसून जाळं शिवत होते, वर बांबूवर बोंबील वाळत होते. आम्ही लॅपटॉप त्यांच्यापुढे धरला. ऊन होतं म्हणून मैत्रिणीने ओढणीची सावली केली. त्यांनी बराच वेळ बघितलं.

"ही आपली होरी हाय ना गो?"

"होय बाबा."

"आयचं नाव कोनी लिवलं?"

"मीच दिलं लिहून."

ते हसायला लागले. "माझी आय पान्याला जाम भ्यायची. आख्ख्या जन्मात होरीत पाय नाय टाकला तिनं. आता बग, कुटं कुटं फिरते."

खरंच फिरत होती. ब्राझीलचा एक जण होता, कोरियातली दोन भावंडं होती, एक म्हातारे शिक्षक होते. सगळे त्या होडीतून आमच्या बेटावर यायचे आणि विचारायचे, हे नाव म्हणायचं कसं? मैत्रीण त्यांना एकेक अक्षर फोडून सांगायची. ते नाव मी इथे लिहीत नाही. तिच्या आजीला आधीच इतकी अनोळखी माणसं हाका मारायची, आणखी कशाला.

पुढे आमचं जे सगळ्यांचं होतं तेच झालं. मला अंधेरीला नोकरी लागली, लग्न झालं आणि मी मुलुंडला गेले. मैत्रीण एका शाळेत चित्रकला शिकवायला लागली, तिने लग्न गावातच केलं. मुलुंडहून मढ म्हणजे अर्धा दिवस जाण्यात आणि अर्धा येण्यात. आम्ही वर्षातून एकदा भेटायचो, कधी तेही नाही. पण रविवारी जेवणं झाली, घरातले आडवे झाले की आम्ही दोघी बेटावर असायचो. खेळायचो असंही नाही. होडी धक्क्याला बांधायची, दोघींनी कडेला बसायचं आणि कानाला हेडफोन लावून बोलायचं. सासू, पगार, पोटदुखी, कोण कुणाशी बोलत नाही. मागे लाटांचा आवाज. माझ्या नवऱ्याने एकदा विचारलं, "तुम्ही सरळ फोन का नाही करत?" फोनवर आपण कामाचं बोलतो. तिथे आम्ही शेजारी बसायचो.

मधल्या काळात तिच्या वडिलांना पक्षाघाताचा झटका आला. लाकडी होडी कुणी वापरेना, ती किनाऱ्यावर पडून पडून फुटली. भावाने फळ्या काढून नेल्या आणि फायबरची होडी घेतली. मैत्रीण म्हणाली, "आता आपल्या बेटावरच आहे ती."

मग एका सकाळी कंपनीची बातमी आली. एका मोठ्या कंपनीने तिला विकत घेतलं होतं. वेबसाइटवर लिहिलं होतं, काळजी करू नका, काहीही बदलणार नाही. मी वाचलं आणि मला खरं वाटलं. का वाटू नये? इतकी वर्षं त्यांनी जे सांगितलं ते केलं होतं.

आधी तो फोटो गेला, मग उत्तरं बंद झाली. काही विचारलं की एकच ठरलेलं वाक्य यायचं : तुमचं मत आमच्यासाठी मोलाचं आहे. चित्रं काढणाऱ्या त्या बाईने एक दिवस सगळ्यांचा निरोप घेतला, दोनच ओळींत. आणि बेटावर एक दुकान उघडलं. पहिल्यांदा फक्त टोप्या होत्या. "टोप्यांचं काय एवढं, त्यांना पण पोट आहे," मी म्हणाले. मैत्रीण म्हणाली, "हं."

वर्षभराने त्यांनी जाहीर केलं की जुनं बेट बंद होऊन नवं येतंय. तुम्ही बांधलेलं सगळं तुमच्यासोबत येईल, असं ठळक अक्षरांत लिहिलं होतं.

ज्या रविवारी नवं बेट उघडलं, त्या दिवशी आम्ही दोघी ठरवून तयार बसलो होतो. सगळं चकाचक होतं. समुद्र इतका सुंदर की डोळे दिपावेत. माझं घर होतं, पण कौलं जाऊन भलतंच छप्पर आलं होतं. धक्का रिकामा.

"अगं, होडी कुठाय?" ती म्हणाली.

आम्ही बेटाला फेरी मारली, पलीकडच्या बाजूलाही बघितलं. शेवटी मला ती दुकानात दिसली. 'दूर देशीच्या नौका' असा एक विभाग होता, त्यात एक बंद पेटी. पेटी विकत घ्यायची, उघडायची, नशिबात असेल तर आतून होडी निघणार, नाहीतर झेंडे नाहीतर टोप्या. पेटीच्या झाकणावर आमच्या होडीचं चित्र होतं. शिडाला सोनेरी किनार लावलेली.

"नाळेवर बघ," ती म्हणाली. "काय लिहिलंय? तुला वाचता येतंय?"

मी चित्र मोठं करून बघितलं. वर शिरोरेषा होती, खाली वळणं, मधे एक काना असावा असं काहीतरी. लांबून बघितलं तर देवनागरी वाटावं. पण अक्षर एकही नव्हतं.

"काहीच नाही लिहिलेलं गं," मी म्हणाले.

मग तिच्या बाजूने आवाज बंद झाला.

पुढच्या दिवसांत बरंच काही झालं. आमच्यासारखी हजारो माणसं चिडली होती. कुणाचं घर गेलं होतं, कुणी मेलेल्या मित्राच्या नावाने लावलेली बाग गेली होती. लोकांनी कंपनीच्या पानावर शिव्या घातल्या, पैसे परत मागितले. आणि त्या गर्दीत मला एक ओळ दिसली. ब्राझीलच्या त्या माणसाने दुसरं काहीच लिहिलं नव्हतं, फक्त आजीचं नाव. देवनागरीत. त्याखाली कोरियातल्या बहिणीने तेच लिहिलं. मग ओळखीचे, अनोळखी, कुणी वेलांटी चुकवलेली, कुणी नुसतं होडीच्या जुन्या फोटोवरून उतरवलेलं. पान खाली सरकवत जावं तसं तेच नाव. मी अंधेरीच्या ऑफिसात डबा उघडून बसले होते, आणि डबा तसाच ठेवून मी पान सरकवत राहिले.

कंपनी नमली. आम्ही ऐकतोय, असं म्हणाली. सगळ्यांना एक टोपी फुकट दिली आणि पाठोपाठ होडीही परत दिली, नावासकट.

मी मैत्रिणीला लगेच फोन लावला. "आली बघ परत! आता तरी ये."

"तू जा," ती म्हणाली. "मी नाही येत."

"अगं, पण त्यांनी चूक मान्य केली ना?"

"आज मान्य केली. उद्या पुन्हा काढून घेतील, मग आपण पुन्हा ओरडायचं. ती आपण दिली होती गं. त्यांनी मागितली पण नव्हती. आधी कसं, दिली की विसरून जायचं, ती राहणारच. आता मी दर रविवारी आधी धक्क्यावर जाऊन आहे की नाही ते बघणार. तसं नाही बसता येत मला."

मी थोडे दिवस एकटी गेले. होडी असायची. खरंच मीही आधी तेच बघायला लागले होते. मग माझंही जाणं सुटलं.

यंदा मी मढला जाऊन आले. वर्सोव्याहून तरीने खाडी ओलांडून पलीकडे उतरले. तिचे वडील अंगणात खुर्चीवर होते, डावा हात मांडीवर ठेवलेला. मला ओळखलं. जरा वेळाने म्हणाले, "आपली होरी कशी हाय गो तिकडं?"

मी मैत्रिणीकडे बघितलं. तिने चहा खाली ठेवला. "बाबा, ती त्यांनी विकायला काढली."

"इकली?" ते विचारात पडले. "भाव बरा आला का?"

आम्ही दोघी हसायला लागलो, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी उजवा हात हलवला. "आपली पन आपन फोरलीच की. लाकूड किती दिस टिकनार?" मग त्यांना बोंबलांवर बसलेला कावळा दिसला आणि विषय संपला.

मला वाटलं होतं, तिथेच सगळं संपलं. पण परवा दुपारी फोनवर एक व्हिडिओ आला. त्याच कंपनीचा नवा गेम येतोय. डोंगर, धुकं, दरीतलं एक लहान गाव, एका घरात दिवा लागतो. मी कांदा चिरता चिरता बघत होते. बघून झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून लावला. तेवढ्यात तिचाच फोन.

"बघितलास?"

"बघितला."

"छान केलंय ना?"

"खूप छान केलंय गं."

"घेणारेस?"

"नाही. तू?"

"छे."

पलीकडे तिच्या घरातला पंखा कुरकुरत होता. तिने फोन ठेवला नाही, मीही नाही.

"त्या घरात," ती म्हणाली, "खिडकीजवळ दोघींना बसायला जागा होती, बघितलंस का?"