आत्यांच्या हळदीवर आळ

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. म्हणजे — अर्धं सांगितलंय, यंदाच्या उन्हाळ्यात, अख्ख्या वाडीतल्या बायकांच्या देखत, आणि सगळ्या पोट धरधरून हसल्या. पण ते अर्धंच. उरलेलं तोंडातल्या तोंडात राहिलं. ते तुम्हाला सांगते. हसायचं तिथं खुशाल हसा, मीही हसतेच. फक्त मधेच उठून जाऊ नका.

मी कामथडीची. दिली वेल्ह्याकडच्या एका वाडीत. लग्न ठरलं तेव्हा भोरला कॉलेजात होते आणि मला माझ्या तोंडाचं भारी दुःख होतं — नाकावर काळे ठिपके, कपाळावर पुटकुळ्या. आई म्हणायची, दूध-बेसन लाव, हळद लागली की तेज येतंच. पण मोबाईलवर एक मुलगी रोज दिसायची. बाटलीतलं लालभडक पाणी तोंडाला लावायची, धुवायची, आणि आतनं नवीकोरी कातडी! वरची मेलेली कातडी निघून जाते म्हणे. घरच्या घरी, पार्लरची गरज नाही. मग कशाला दूध-बेसन? मी बाटली मागवली. घरी कळायला नको म्हणून मैत्रिणीच्या पत्त्यावर.

हळदीच्या आदल्या संध्याकाळी घर पाहुण्यांनी भरलेलं. मी न्हाणीत शिरून कडी लावली. बाटलीवर स्पष्ट लिहिलेलं — आधी हाताला लावून बघा, दहा मिनिटांच्या वर ठेवू नका. हाताला कोण लावून बघतंय? लग्न काय हाताचं होतं? लावलं की तोंडाला, चांगलं चोपडून. जरा चुरचुरलं. आणि नेमका तेव्हाच यांचा फोन. हे म्हणजे आमचे हे, तेव्हा नवरदेव. त्या घरात निवांत बोलायला तेवढी एकच जागा, मग काय! जिलेबी करायची की गुलाबजाम, यावरच आम्ही किती वेळ बोललो देव जाणे. तोंड पेटायला लागलं होतं. मला वाटलं, प्रेमानं तापलंय.

हसलात ना? हसा.

सकाळी आरशात टोमॅटो. आई म्हणाली, लग्नाचं तेज चढलंय पोरीला. दुपारी वेल्ह्याकडनं टेम्पो आला आणि त्यातनं उष्टी हळद आली. आमच्याकडं नवरदेवाला लावून उरलेली हळद नवरीला लावतात, तीच उष्टी हळद. ती लावल्याशिवाय नवरी पुढं सरकत नाही. आणि ही काही साधी हळद नव्हती. ही माझ्या सासूबाईंची — आमच्यात सासूला आत्या म्हणतात — आत्यांची हळद. परसात लावलेली, घरीच उकडलेली, वाळवलेली, जात्यावर दळलेली. त्यांच्या वाडीत कुणाचंही लग्न निघालं की पहिली मूठ जात्यात आत्यांची पडायची, आणि पहिली ओवीही त्यांचीच. मानच तो. बाई तशी साधी, अंगावर ना सोनं ना नाणं, पण हळदीच्या दिवशी वाडीत तिच्याइतकं ताठ कुणी चालत नसायचं.

ती हळद माझ्या सोललेल्या तोंडाला लागली आणि मी जी किंचाळले!

पुढचं काय सांगू? संध्याकाळपर्यंत तोंड सुजलं, आणि लग्नाच्या दिवशी गालाची कातडी उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखी सुटायला लागली. आईनं मांडव डोक्यावर घेतला. हळदीत काय कालवलंय, म्हणाली. कुणीतरी शहाणीनं विचारलं, नवरदेवाला कसं काही झालं नाही? तर माझी मावशी म्हणते, त्याचं कातडं रेड्याचं, आमची पोर फुलासारखी. मुंडावळ्या खाली ओढून ओढून बांधल्या, फोटोवाल्यानं काय करायचं ते केलं. लागलं एकदाचं लग्न.

आणि मी? मी एक शब्द बोलले नाही. बाटली मैत्रिणीच्या पिशवीतनं भोरला परत गेली.

बायकांना सांगितलं ते एवढंच. भ्यायले होते, लाजले होते, नवरी होते — सगळ्यांनी लगेच समजून घेतलं. पण खरी गोष्ट ही नाहीच.

खरी गोष्ट त्यानंतरची. तोंड पंधरवड्यात बरं झालं, पहिल्यापेक्षा गुळगुळीत झालं म्हणा ना. पण आत्यांच्या मनातनं ते गेलं नाही. रोज संध्याकाळी वाटीत साय घेऊन यायच्या आणि स्वतः माझ्या गालाला चोळायच्या. मला चुलीपुढं बसू द्यायच्या नाहीत. भाताच्या लावणीला सगळं घर चिखलात, माझी थोरली जाऊसुद्धा कमरेत वाकलेली, आणि मी ओट्यावर कोरडी बसून! कुणी बोललं की आत्या म्हणायच्या, तिचं कातडं नाजूक हाय, आपल्यामुळं पोळलंय. मला काय, बरंच होतं. खोटं कशाला बोलू — मजेत होते मी. सासुरवास कशाशी खातात ते मला माहीत नाही.

आणि आत्यांनी हळद दळणं सोडलं. त्यांनी सोडलं की बायकांनी सोडवलं, दोन्ही म्हणा. कामथडीची बोंब वेल्ह्यापर्यंत पोचली होती. वाडीत लग्न निघालं की बाजारातनं पाकीट यायला लागलं. आत्यांना बोलावणं यायचं, नाही असं नाही. पण त्या कडेला बसायच्या, भिंतीला टेकून, पदराखाली हात घेऊन. जात्याकडं जायच्या नाहीत.

आता सांगते. हे ते उरलेलं अर्धं.

वर्ष होऊन गेलं असेल. आत्या ओट्यावर माझ्या गालाला साय लावत होत्या. घरात दुसरं कुणी नव्हतं. त्यांचा हात थांबला आणि त्यांनी विचारलं, "खरं सांग पोरी. माझ्या हळदीनंच झालं का गं?"

मला ना कुणी दटावत होतं, ना मांडवात पाहुणे बसले होते. मी नवरी नव्हते. भीती नव्हती. गालावर गार साय होती, आणि लावणी तोंडावर आली होती.

मी म्हणाले, "व्हय."

एवढंच. त्यांनी मान हलवली आणि दुसऱ्या गालाला साय लावली.

तर यंदाच्या उन्हाळ्यात माझ्या नणंदेची हळद. आत्यांची एकुलती एक लेक. उष्टी हळद सासरकडनं यायचीच, पण नवरीच्या घरचीही दळावी लागते. पाच सवाष्णी जात्याभोवती बसल्या, जात्याला सुपारी बांधून झाली, आणि आत्या दारात उभ्या. पदराखाली हात. म्हणाल्या, "पाकिटाची घ्या. माझी नगं. माझ्या पोरीच्या तोंडाला काय झालं तर?"

स्वतःच्या लेकीच्या लग्नात, हो! माझी नणंद रडकुंडीला आली. आई, तुझीच पाहिजे, म्हणत बसली. आणि माझ्या घशात इतकी वर्षं अडकलेलं जे काय होतं ते भसकन बाहेर आलं. बाटली, न्हाणी, फोन, जिलेबी, टोमॅटो — सगळं. मग एकजण फिसकन हसली आणि जो हशा उठला, की मांडवातले बाप्ये धावत आले. थोरली जाऊ म्हणाली, म्हणजे मी तुझ्या वाटची लावणी करत होते होय गं भवाने? आणि तीही हसायला लागली. यांना तर बायका अजून चिडवतात, काय ते प्रेम, तोंड भाजलं तरी फोन खाली ठेवला नाही.

आत्या हसल्या का? हसल्या. डोळ्याला पदर लावून हसल्या. मग आत गेल्या आणि फडक्यात बांधलेली हळकुंडं घेऊन आल्या. परसातली. दर वर्षी लावत होत्या, उकडत होत्या, वाळवत होत्या आणि कुणाला न दाखवता ठेवत होत्या. जात्यापाशी बसल्या, पहिली मूठ घातली, ओवी धरली. आवाज आधी घोगरा निघाला, मग मोकळा झाला. दुसऱ्याच ओवीत लाल बाटली आली, तिसऱ्या ओवीत मी. मला इतका आनंद कधी झालेला आठवत नाही. स्वतःच्या लग्नातही नाही.

त्या हशात एक गोष्ट कुणालाच माहीत नव्हती. ती 'व्हय'ची. ती दोघींनाच ठाऊक — जिनं विचारलं तिला आणि जिनं सांगितलं तिला. मी जात्याचा खुंटा धरून त्यांच्यासमोर बसले होते, आणि मला त्यांच्याकडं बघवत नव्हतं.

दळून झालं. हळद भिजवली. पहिलं बोट नवरीला लागायचं. पण आत्यांनी माझी हनुवटी धरली आणि दोन्ही गालांना चांगली चोपडली. सगळ्यांना वाटलं, चेष्टा चाललीय. त्या माझ्या तोंडाजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "खरं सांग. झोंबतंय का?"

"न्हाई, आत्या."

त्यांनी ते बोट माझ्या पदराला पुसलं आणि लेकीकडं वळल्या. यंदाच्या लावणीला मी होते, पहिल्या वाफ्यापासून, त्यांच्या शेजारी. साय आता घरात तूप कढवायला लागते.