उभी तीन बोटं

जर्मनीत सहा वर्षांत मी चार डेंटिस्ट बदलले आणि चौघांनाही मनातल्या मनात भरपूर शिव्या घातल्या. अस्सल वऱ्हाडी शिव्या. जर्मन भाषेत तेवढा दम नाही.

सुरुवात अक्कलदाढेनं झाली. आमच्या अकोल्यात दाढ दुखली की माणूस चप्पल पायात सरकवतो आणि निघतो. डॉक्टर जेवायला गेला असेल तर बाकावर गाल धरून बसतो. शेजारचाही गाल धरूनच बसलेला असतो, तेवढाच आधार. जर्मनीत फोनवरच्या बाईनं विचारलं, एक ते दहामध्ये दुखणं किती? मी नऊ म्हटलं. नऊला सात आठवड्यांनंतरची तारीख मिळाली. मी म्हटलं, बाई, तोवर दाढ स्वतःच चालत येईल तुमच्याकडे. ती हसली नाही.

पहिला डेंटिस्ट एकच धोशा लावून बसला, "आणखी उघडा." अहो, उघडलंय की! त्याचं हत्यार मागच्या दाढेपर्यंत पोचेना. मला वाटलं, याचाच हात जाड. दुसरी बाई होती. ती म्हणाली, तुम्ही झोपेत दात खाता, म्हणून जबडा आखडलाय. तिनं प्लास्टिकची एक पट्टी करून दिली आणि मी चार महिने ती दातांवर चढवून झोपले. जबडा होता तिथंच. तिसरा म्हणाला, ताण आहे; घरची आठवण येते का? आता हा काय प्रश्न झाला! खुर्चीत आडवी असतानाच मला रडू फुटलं आणि त्या शहाण्यानं तेच निदान म्हणून लिहून टाकलं.

चौथा म्हातारा होता आणि त्याचा हात हलका होता. त्यानं बराच वेळ बॅटरी मारून पाहिलं आणि विचारलं, "गालाच्या आत पांढरा चट्टा आहे. सिगारेट ओढता?" नाही. "दारू?" नाही. तो कोड्यात पडला. म्हणाला, तीन महिन्यांनी परत बघू, तोवर नाही गेला तर तुकडा काढून तपासायला पाठवावा लागेल. तेव्हापासून मी दिवसातून दहा वेळा आरशासमोर गाल ओढून बघायला लागले. ऑफिसच्या बाथरूममध्येसुद्धा. चट्टा तिथंच.

तोवर जेवणाचीही गंमत झाली होती. तिखट जिभेला लागलं की आग आग व्हायची. बर्गर मी सुरी-काट्यानं बारीक करून खायचे. ऑफिसातल्या लोकांना वाटायचं, काय शिस्तीची बाई आहे! शिस्त कसली, घास जातच नव्हता.

मी त्या म्हाताऱ्याशी खोटं बोलले नव्हते. आमच्या घरात तंबाखूला शिरकावच नव्हता. माझी माय बार्शीटाकळी तालुक्यात आरोग्यसेविका होती. गावोगाव फिरून तिनं बायांच्या कमरेच्या चंच्या सोडवल्या, बाप्यांच्या खिशातल्या पुड्या नालीत फेकल्या, आणि उपकेंद्राच्या भिंतीवर तंबाखूविरोधी पोस्टरं चिकटवली. त्याच पोस्टरखाली खुर्ची टाकून ती अडकित्त्यानं सुपारी कातरत बसायची. तिला त्यात काही वावगं दिसलं नाही, मला नाही, कोणालाच नाही. तंबाखू म्हणजे व्यसन. सुपारी म्हणजे जेवणानंतरची मुखशुद्धी. पाहुणा आला की पाण्यानंतर सुपारी, हे तर आमचं माणूसपण होतं.

माझ्या तोंडाला सुपारी बारावीपासून लागली. अभ्यास करताना झोप येऊ नये म्हणून मायच वाटीत काढून द्यायची. पुढे परदेशात गेले तर दर पार्सलात कॉफीच्या रिकाम्या बरणीत भरून ती यायची. बारीक कातरलेली, तुपावर भाजलेली, थोडी बडीशेप घातलेली. त्या थंड, मुक्या शहरात संध्याकाळी खिडकीशी बसून चिमूटभर तोंडात टाकली की वाटायचं, माय बाजूलाच बसून आहे. चिमूटभर कसली! महिन्याला बरणी संपायची.

तीन महिने थांबणं माझ्याच्यानं झालं नाही. बारा दिवसांची रजा टाकली आणि अकोला गाठलं. मायला म्हटलं, तुझी आठवण आली म्हणून आले. तिला आनंद झाला आणि मला माझीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी जठारपेठेतल्या एका दातांच्या दवाखान्यात गेले. डॉक्टर तरुण मुलगी होती, माझ्याहून सात-आठ वर्षांनी लहान. तिनं फॉर्म भरून घेतला नाही. आरसा घातला, गाल बोटानं चाचपला आणि म्हणाली, "ताई, तीन बोटं उभी करा आणि तोंडात घाला."

"म्हणजे?"

"एकावर एक. पहिलं, मधलं, तिसरं. जातात का पाहा."

दोन गेली. तिसरं नखापर्यंतच. मी जोर लावला तर डोळ्यात पाणी आलं.

"सुपारी कधीपासून खाऊन राह्यल्या?"

मला असा राग आला! "मी तंबाखू खात नाही," मी म्हटलं.

"तंबाखू विचारला का मी?"

मग तिनं सांगितलं, आणि गोडगोड करून नाही सांगितलं. सुपारीनं गाल आतून राठ होत जातात. तोंड बोटाबोटानं मिटत जातं. मिटलेलं सगळं परत उघडत नाही. आणि असल्या गालात कधीकधी कॅन्सर धरतो. चट्ट्याचा तुकडा तपासल्याशिवाय ती काही बोलणार नव्हती. तिनं अमरावतीच्या एका मोठ्या डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी लिहून दिली. एवढं दोन मिनिटांचं काम. सहा वर्षं मी चांगला डेंटिस्ट शोधत होते आणि तो माझ्या मायच्या घरापासून ऑटोनं दहा मिनिटांवर बसला होता. जर्मनीतल्या बिचाऱ्यांनी उभ्या जन्मात सुपारी पाहिलेली नसेल, ते काय विचारणार? पण हे शहाणपण आत्ताचं. तेव्हा मला नुसती भीती वाटत होती.

मैत्रिणीकडे जाते असं सांगून मी एसटीनं अमरावतीला गेले. मूर्तिजापूर येईपर्यंत चारदा चिठ्ठी उघडून वाचली. बडनेऱ्याला वाटलं, उतरावं आणि परत फिरावं. त्या डॉक्टरांनी गाल बधिर करून तुकडा घेतला, दोन टाके घातले आणि म्हणाले, सहा-सात दिवसांत रिपोर्ट मोबाइलवर येईल. माझं विमान आठव्या दिवशी होतं.

ते दिवस कसे काढले, माझं मलाच माहीत. घरात पाय ठरत नव्हता. मायचा अडकित्ता दिवसभर कट्‌ कट्‌ चालू. मी निघायच्या आत दोन बरण्या भरायच्या म्हणून ती कातरत होती. तो आवाज माझ्या डोक्यात जायचा आणि मी बाहेर पळायची. बाहेर आणखी वाईट. मी लोकांच्या तोंडाकडेच बघायला लागले. ऑटोवाला जांभई द्यायला लागला की त्याच्या तोंडात किती बोटं जातील ते मी मोजायची. भाजीवाल्या मावशी हसल्या की मी मनात म्हणायची, अडीच. एका चुलतभावाला तर लग्नाच्या पंगतीत तीन बोटं तोंडात घालायला लावली. त्याची बायको म्हणाली, "वन्संले तिकडची हवा लागली वाटते." सगळे हसले, मीही हसले आणि टाके ताणले गेले.

मायच्या तोंडाकडे मात्र मी एकदाही बघितलं नाही. असं म्हणतात ना, की डोळ्यांवर पडदा. माझ्या डोळ्यांवर पडदा नव्हता, गोणपाट होतं.

टाक्यांमुळे मी भाकर वरणात चुरून खात होते. माय समोर बसायची, तीही चुरूनच. ठेचा तिनं वाढलाच नाही.

"तू काहून चुरून राह्यली व?" तिनं विचारलं.

"दाढ दुखते थोडी. आणि तू?"

"मलेबी आता मऊच आवडते. दात राह्यले नाई ना."

मी मान डोलावली. दोघी मायलेकी समोरासमोर बसून लहान मुलांसारख्या चमच्यानं भाकर-वरण खात होतो आणि दोघीही एकमेकींना फसवत होतो. मला एकीचंच फसवणं ठाऊक होतं.

सातव्या दिवशी दुपारी फोन वाजला. माय खाली बसून बरणी भरत होती. रिपोर्ट इंग्रजीत होता. सोबत अमरावतीच्या डॉक्टरांनी मराठीत एक ओळ पाठवली होती: कॅन्सर नाही, पण सुपारी आजपासून बंद, कायमची. मी ती ओळ तीनदा वाचली. हायसं वाटायला हवं होतं. त्याऐवजी माझं डोकंच सटकलं. सात दिवसांची भीती, सहा वर्षांची दाढ, सगळं एकदम वर आलं. मी मायच्या हातातली बरणी हिसकली, दार उघडलं आणि सगळी सुपारी नालीत ओतली. दुसरी बरणीही ओतली.

"भैताड झाली का तू?" माय ओरडली. "चार दिवसांपासून कातरून राह्यली ना मी!"

"त्याच्यापायीच तोंड बंद होऊन राह्यलं माझं!" मीही ओरडले. आणि मग सगळं सांगितलं, चट्टा, तुकडा, अमरावती, सगळं. आवाज चढवून, बोट नाचवून, जणू समोर गुन्हेगार बसला होता. आज ते आठवलं की मला माझ्याच तोंडात मारावीशी वाटते.

मायनं अडकित्ता मिटवून बाजूला ठेवला. मग ती नर्ससारखी माझ्याजवळ आली, हनुवटी धरली आणि म्हणाली, "आ कर." तिनं आपलीच बोटं उभी करून माझ्या तोंडात घातली. दोन गेली. बोटांना तुपाचा आणि सुपारीचा वास होता. तिनं बोटं काढून पदराला पुसली.

"कॅन्सर नाई म्हणते ना पण?"

"नाही म्हणते."

ती खाली बसली. मी म्हटलं, "आता तू कर." सहज म्हटलं. खरंच सहज, जसं चुलतभावाला म्हटलं होतं तसं.

तिनं पदर तोंडाला लावला. "माह्या तोंडाचं काय आता पाहतं. म्हातारी बाई मी."

तेव्हा गोणपाट खाली पडलं. व्हिडिओ कॉलवर ती कधीपासून पदर लावून हसत होती? मी तिला लाजते म्हणून चिडवायची. जेवताना कॅमेरा कधीपासून बंद करत होती? वर्ष? दोन वर्षं? मी तिच्या हाताला धरून पदर खाली ओढला. तिच्या तोंडात एक बोट गेलं. दुसरं टेकलंसुद्धा नाही.

"कधीपासून व माय?"

"झालं दोनेक वर्ष."

"सांगितलं काहून नाही?"

"तू तिकडून काय करणार होती? उगाच जीव टांगणीले लागला असता तुहा."

मी विमानाचं तिकीट पुढं ढकललं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिला जठारपेठेत घेऊन गेले. ती खुर्चीत आडवी झाली. इस्त्रीचं लुगडं, केस चापूनचोपून, जणू जिल्ह्याचे साहेब तपासणीला येणार होते. डॉक्टरनं आरसा घालायचा प्रयत्न केला. मोठा आरसा गेला नाही. छोटा मागवला.

"मावशी, सुपारी किती वर्षांपासून?"

"तंबाखू नाई खात मी," माय म्हणाली. ठामपणे, अगदी माझ्यासारखी.

डॉक्टरनं माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. मग ती बराच वेळ मायचा गाल तपासत राहिली, माझ्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ, आणि काही न बोलता अमरावतीची चिठ्ठी लिहायला बसली. मायनं चाळीस वर्षं दवाखान्यांतच काढली होती. न बोलता लिहिलेल्या चिठ्ठीचा अर्थ तिला कोणी सांगायची गरज नव्हती. मला वाटलं, आता ती स्वतःबद्दल विचारेल. मी तिचा हात घट्ट धरून ठेवला.

ती उठून बसली, पदर सारखा केला आणि डॉक्टरला म्हणाली, "मॅडम, माहं राहू द्या. हिचं तोंड पुरं उघडन ना? हिले सुपारी मीच पाठवत होती."