पहिल्या बोक्याचा फोटो

आमच्या थोरल्या जाऊबाईंना कोणी नावाने हाक मारल्याचं मला आठवत नाही. त्या माऊ. मुलांची माऊ, मुलांच्या आईबापांचीही माऊ, आणि मी धाकटी म्हणून माझ्या माऊताई. आयुष्यभर त्यांनी पाळणाघर चालवलं. तळमजल्यावर दोन खोल्या, भिंतीला गुडघ्याच्या उंचीवर ठोकलेले हुक, त्यांवर पोरांच्या पिशव्या, आणि रस्त्याच्या बाजूला एक रुंद खिडकी. मी वरच्या मजल्यावर राहते. दुपारी सगळी पोरं एका सुरात भोकाड पसरतात, तेव्हा खाली येऊन दोघांना दटावते, दोघांना थोपटते. मला मुलं आवडत नाहीत, असं मी सगळ्यांना सांगते. मेलं कोणी विश्वासच ठेवत नाही.

माऊताई मुलांना टोपणनावं ठेवतात, आणि ती ठरलेली आहेत. दुधाच्या मिशा पुसू देत नाही तो बोका. डोळे वटारून बसतं ते घुबड. सकाळपासून सगळ्या जगावर नाराज असतो तो साहेब. एक बोका शाळेत गेला की ती गादी रिकामी. पुढचा मिशाळ आला की तो बोका.

प्रत्येकाचे फोटो मात्र दोनच. एक येण्याच्या दिवसाचा, एक जाण्याच्या. डिजिटल कॅमेरे नवीन निघाले तेव्हा मोठ्या दिरांनी हौसेने एक आणून दिला, तेव्हापासून सगळे फोटो कॉम्प्युटरमध्ये. वर्षाचा फोल्डर, त्यात मुलाच्या टोपणनावाचा फोल्डर, आणि त्यात ‘पहिला दिवस’ आणि ‘शेवटचा दिवस’. झकास व्यवस्था होती, बिघडेपर्यंत.

कॉम्प्युटर म्हातारा झाला. तो सुरू करून चहा उकळावा, प्यावा, कप विसळावा, तरी त्याचं ते गोल गोल फिरणं चालूच. शेवटी दुकानदाराने जुन्याच्या बदल्यात नवा द्यायचं कबूल केलं. “फोटो मात्र आधी उतरवून घ्या हं,” असं त्याने बजावलंही होतं. मी मदतीला येते म्हटलं, तर माऊताई म्हणाल्या, “अगं, त्यात काय एवढं? पोरांचे कपडे या पिशवीतून त्या पिशवीत भरायचे, झालं.”

भरले. पेनड्राइव्हवर ‘आपली मुलं’ असा एकच फोल्डर केला आणि सगळी पोरं त्यात ओतली. वर्षांचे फोल्डर बाद. का, तर सगळी एकाच खोलीत वाढली, मग वेगवेगळी कशाला कोंडायची! कॉम्प्युटर बिचारा विचारत होता, या नावाचा फोटो आधीच आहे, तो काढून हा ठेवू का? पण तेव्हा यांच्या कडेवर एक पोर गळा काढून रडत होतं आणि दुसरं टेबलाखाली वायर चावत होतं. दोन-तीनदा विचारल्यावर वैतागून ‘सगळ्यांना हो’ म्हणून मोकळ्या झाल्या. नव्या कॉम्प्युटरवर त्यांनी तपासलंसुद्धा. बोका आहे, घुबड आहे, साहेब आहे. मग जुना दुकानात गेला.

आणि एका शनिवारी बोक्याचा फोन आला. पहिल्या बोक्याचा. आता तो बाप झालाय. “माऊ, उद्या लेकीला घेऊन येतो. तो फोटो देशील ना? दारातला, आईचा?”

त्याची आई तो इथे असतानाच आजारपणात गेली. पुढे घर बदलताना नेमकं फोटोंचं खोकं हरवलं. त्याला आईचा चेहरा आठवत नाही. तिची एकच गोष्ट त्याला माहीत, वडिलांनी सांगितलेली. पहिल्या दिवशी कारखान्याला उशीर होत होता, तिने त्याला माऊच्या हातात दिलं आणि मागे वळूनही न बघता गेली. कामाची पक्की होती, असं वडील कौतुकाने सांगायचे. बोक्याला त्यात कौतुक कधी वाटलं नाही.

फोन ठेवून माऊताईंनी ‘बोका’ उघडला. पहिला दिवस. लाल टोपीतलं गुबगुबीत पोर, आजोबांच्या कडेवर. हा अलीकडचा बोका!

“कपाळ माझं!” मी ओरडले. “माऊताई, अहो एका बोक्याच्या जागी दुसरा बसवलात तुम्ही! पहिला गेला!”

दुकानदाराला फोन केला. जुन्या कॉम्प्युटरमधलं सगळं पुसून तो कधीच विकला गेला होता. मी त्याच्यावर तोंडसुख घेतलं, मग माऊताईंवर घेणार होते. पण त्या पोरांच्या बुटक्या खुर्चीवर बसल्या होत्या.

“त्याची आई होती गं त्यात,” त्या म्हणाल्या. “त्याच्याकडे दुसरी नाही. मीच पुसली.”

त्यांना असं बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं, मोठे दीर गेले तेव्हासुद्धा.

सकाळी मी खाली गेले तर त्या हुकांकडे बघत उभ्या. “बोका आला त्याच दिवशी ठमी गेली,” त्या म्हणाल्या. “तिचाच हुक त्याला दिला होता मी. ठमीचा फोटो त्याच सकाळचा.”

ठमी एकच झाली. तसं कार्टं परत आलं नाही, म्हणून तिच्या जागी कोणी बसलं नव्हतं. ‘शेवटचा दिवस’ उघडला. पुढे ठमी, बत्तिशी दाखवत. तिच्यामागे चटईवर एक पाठमोरं रडकं पोर. आणि खिडकीबाहेर, काचेला कपाळ टेकून, कारखान्याच्या निळ्या कोटातली एक बाई.

“अगं बाई!” माऊताईंचा हात तोंडावर गेला. “ही तर निघून गेली होती. मी स्वतः दार लावलं.”

चित्र मोठं केलं. चेहरा थोडा फुटला, पण ओळखू येत होता. रडत होती आणि पोराकडे बघत होती.

बोका आला तेव्हा माऊताईंनी आडपडदा ठेवला नाही. “तुझा दारातला फोटो माझ्या हातून गेला रे. हा सापडलाय, बघ.”

तो बघत राहिला. मग बाळ माझ्या हातात देऊन कॉम्प्युटरच्या पडद्याजवळ वाकला.

“माऊ, ती गेली नव्हती.”

“नाही रे राजा. तिथेच होती.”

मोठा बाप्या, पण हुंदका आवरेना त्याला. आम्हाला तरी कुठे आवरत होता!

आता उरलेल्या सगळ्या फोटोंची आणखी एक प्रत माझ्या कपाटात असते, वर्षांचे फोल्डर नव्याने पाडून. माऊताईंना त्याला हात लावायची बंदी आहे.

बोक्याची लेक पुढे इथेच यायला लागली. पहिल्या दिवशी त्याने तिला माऊताईंच्या हातात दिलं आणि तरातरा निघाला. दार लागलं. मी वरून बघत होते. कोपऱ्यापर्यंत गेला आणि परत येऊन खिडकीशी उभा राहिला. एरवी असे आईबाप दिसले की मी वरून ओरडते, “जा आता कामाला, तुम्हाला बघून पोर जास्त रडतं!” त्या दिवशी नाही ओरडले. खाली आले, तर माऊताईंनी कॅमेरा काढला होता, आणि लेकीला उचलून त्या बरोबर खिडकीसमोर बसवत होत्या.