काकूंनी दिलेला नारळ

आमच्या पहाडगंजातल्या शेजारच्या काकूंनी हाक मारली, की नवी दिल्ली स्टेशनावरची लेट गाडीसुद्धा दचकून वेळेवर सुटते. शाळाप्रवेशाचे दिवस आले, की हाच आवाज मुली गोळा करत गल्लोगल्ली फिरतो. बरोबर औक्षणाचं तबक आणि ते धरायला मी. शाळेत निघालेल्या लेकीला ओवाळायचंच, हा काकूंचा कायदा. संसदेनं त्यात दुरुस्ती करून दाखवावी!

परवा एका दारात बारा वर्षांची पोर भांडी घासत बसली होती. घरकामासाठी बापानं तिची शाळा सोडवली होती. काकूंनी चकार शब्द न काढता तिला कुंकू लावलं, ओवाळलं, हातात नारळ दिला. आतून बाप असा उसळून आला, की गल्लीतली कबुतरं थेट करोल बागेत जाऊन बसली. इकडच्या लोकांत असा नारळ देतात तो मुलीचं लग्न ठरवताना!

"रिश्ता लाई हो? शर्म नहीं आती? अभी बच्ची है!"

काकू मात्र खुशीत कडाडल्या, "बिल्कुल बच्ची है, भैया! तो फिर स्कूल क्यों नहीं जाती?"

जमलेली गल्ली खो खो हसली. इतकी वर्षं दिल्लीत काढलेल्या काकूंना इकडची रीत ठाऊक नसेल? मी त्यांच्याकडे पाहिलं, तर त्या निरागसपणे पदर सावरत होत्या.

शेवटी बाप ओरडला, "अरी, चप्पल तो पहन ले!"

पोर तोवर अनवाणीच गल्लीच्या टोकाला पोचली होती.